शब्दांचीं कुळें

गेल्या दिवाळींत आमच्या नातवानें आत्यास इंग्रजींत पत्र लिहिलें. मामांना स्टेशनावर सोडून आलों, हें कळवितांना त्यानें लिहिलें, ‘आय अबँडन्ड माय अंकल ॲट द स्टेशन.’ आत्यानें तें पत्र सर्वांदेखत वाचून दाखविलें आणि सारें घर पोट धरून हंसलें. आम्हीहि हंसलों. मुलगा मात्र त्यानंतर दोन महिने इंग्रजींत एक अक्षर लिहीना. त्याची वही चाळली, तों पहिल्याच पानावर आढळलें : ‘अबँडन = सोडणें’. ती यादी आम्हींच दिलेली! तीच आम्हीं शाळेंतहि तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतली होती.

वासरूं सोडणें, नोकरी सोडणें, पाहुण्यांस स्टेशनापर्यंत सोडणें, संकटांत साथ सोडणें, इतके अर्थ मराठीच्या एका क्रियापदांत मावतात. पाहुण्यास वाऱ्यावर टाकून येणें आणि पोंचवून येणें यांतील भेद केवळ ‘सोडणें’ पाठ करणाऱ्या मुलास कळावा कसा?

पाठांतरावरील आमची श्रद्धा अमरकोशानें वाढविली. परंतु अमरसिंहानें शब्द वर्णानुक्रमानें दिलेले नाहींत; स्वर्गवर्ग, वारिवर्ग, वनौषधिवर्ग असे एकेका विषयाचे शब्द त्यानें एकत्र बसविले आहेत. कोश मुखोद्गत असूनहि ही त्याची युक्ति आम्हांस साठी उलटल्यावर उमगली.

आतां नातवास आम्ही शब्द कुळवार देतों. संस्कृतांत ‘नी’ म्हणजे नेणें. उपसर्ग लागून त्याचेच विनय, अनुनय, अभिनय, परिणय होतात. लॅटिनमध्यें नेणें या अर्थीं ‘डूकेरे’ हें क्रियापद आहे. त्यापासून इंट्रोड्यूस, म्हणजे आंत नेणें, अर्थात् ओळख करून देणें. रिड्यूस, मागें नेणें, म्हणून कमी करणें. प्रोड्यूस, पुढें आणणें, म्हणून निर्माण करणें. येथें साम्य केवळ घडणीचें आहे. डिक्टेट, प्रिडिक्ट, व्हर्डिक्ट, डिक्शनरी यांतील ‘डिक्’ मात्र आमच्या ‘दिश्’ धातूचा सख्खा भाऊबंद. मूळ अर्थ दाखविणें. तिकडे तो बोलण्याकडे वळला, इकडे उपदेश आणि आदेश यांत शिरला. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें, हें विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास सांगितलें होतें.

तथापि व्युत्पत्तीवर सर्वस्वीं विसंबूं नये. ‘नाइस’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ अज्ञ! म्हणून दिवसास पांचच शब्द घ्यावे. प्रत्येकाचें मूळ पाहावें, कोशांत आजचा अर्थ पाहावा, स्वतःचीं दोन वाक्यें करावीं, आणि मराठी प्रतिशब्द सर्वांच्या शेवटीं लिहावा.

गेल्या महिन्यांत मामा पुन्हा आले होते. निघतांना त्यांनीं भाच्यास विचारलें, ‘काय रे, आज पोंचवतोस कीं टाकून येतोस?’

‘सी ऑफ करतों,’ तो म्हणाला, आणि त्यांची पिशवी उचलून पुढें झाला.