जिनीव्हा : प्रेक्षणीय स्थळे

स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या खालोखाल मोठे शहर व याच नावाच्या कँटनची राजधानी. लोकसंख्या सु. दोन लाख (२०२०). देशाच्या नैर्ऋत्य टोकास, जिनीव्हा सरोवरातून ऱ्होन नदी जेथे बाहेर पडते, तेथे नदीच्या दोन्ही काठांवर ते वसले आहे. कँटनची बहुतेक सीमा फ्रान्सला भिडलेली असून शहराची भाषा फ्रेंच आहे. वायव्येस जुरा पर्वताच्या रांगा व आग्नेयीस आल्प्सची शिखरे दिसतात. निरभ्र दिवशी सरोवराच्या उजव्या काठावरून माँ ब्लाँ हे हिमाच्छादित शिखर स्पष्ट दिसते.

येथे सम्राटांचे प्रासाद नाहीत. धर्मसुधारणेपासून १७९८ पर्यंत जिनीव्हा हे स्वतंत्र नगर-प्रजासत्ताक होते. त्यामुळे येथील प्रेक्षणीय स्थळांत राजवैभवापेक्षा विचारांचा व आश्रयाचा, आणि त्याबरोबरच असहिष्णुतेचाही इतिहास अधिक आढळतो. ज्यांना या शहराने एकेकाळी जाळले, हद्दपार केले किंवा उपेक्षिले, त्यांपैकी अनेकांची स्मारके त्यानेच पुढे उभारली. ही स्मारके कालक्रम लक्षात घेऊन पाहिल्यास शहराचा स्वभाव उलगडतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : इ. स. पू. ५८ मध्ये हेल्व्हेशियन टोळ्यांना अडविण्यासाठी ज्युलिअस सीझरने येथील ऱ्होनवरील पूल पाडविला. मध्ययुगात शहरावर बिशपची सत्ता होती. १५३६ मध्ये नागरिकांनी प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला. त्याच वर्षी आलेला फ्रेंच धर्मसुधारक झां कॅल्व्हिन याला १५३८ मध्ये शहराने घालवून दिले व १५४१ मध्ये परत बोलाविले. सोळाव्या शतकाच्या मध्यास व पुन्हा १६८५ नंतर फ्रान्समधून छळास कंटाळून आलेल्या प्रॉटेस्टंटांनी येथे आश्रय घेतला. १७९८ ते १८१३ या काळात फ्रान्सच्या ताब्यात राहिल्यावर १८१५ मध्ये जिनीव्हा स्विस संघराज्यात सामील झाले.

सरोवर व काठ : सरोवराचे क्षेत्रफळ सु. ५८० चौ. किमी. व कमाल खोली सु. ३१० मी. आहे. त्याचा दक्षिण काठ बव्हंशी फ्रान्समध्ये मोडतो. शहराचे बोधचिन्ह बनलेले ‘जे दो’ हे कारंजे सु. १४० मी. उंच उडते. त्यातून दर सेकंदास सु. ५०० लिटर पाणी ताशी सु. २०० किमी. वेगाने बाहेर फेकले जाते. त्याचा उगम मात्र शोभेसाठी झालेला नाही. ऱ्होनवरील जलशक्तिकेंद्रातून कारागिरांच्या यंत्रांना दाबाखालील पाणी पुरविले जाई. सायंकाळी कारखाने बंद झाले की, दाब एकाएकी वाढे. तो कमी करण्यासाठी १८८६ मध्ये पाण्याला वरच्या बाजूने वाट करून देण्यात आली. हा सुरक्षा-फवारा लोकांना इतका आवडला की, १८९१ मध्ये त्याची स्थापना सरोवरात करण्यात आली. सध्याची यंत्रणा १९५१ ची आहे. जोराचा वारा असल्यास कारंजे बंद ठेवतात. ते जुने जलशक्तिकेंद्र आता नाट्यगृह म्हणून वापरले जाते.

जवळच पाण्यातून डोके वर काढणारे ‘पिएर द्यु नितों’ नावाचे दोन प्रचंड खडक हिमयुगात हिमनदीने आल्प्समधून वाहून आणलेले आहेत. त्यांपैकी मोठ्या खडकाचा माथा (सु. ३७३·६ मी.) हा स्वित्झर्लंडमधील सर्व उंची मोजण्याचा आधारबिंदू होय. काठावरील ‘इंग्लिश गार्डन’मध्ये १९५५ मध्ये तयार केलेले फुलांचे घड्याळ आहे. सरोवरात विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांतील चाकांच्या आगबोटी अद्याप प्रवासी ने-आण करतात, तर दोन्ही काठांदरम्यान लहान पिवळ्या नावा फिरतात. उजव्या काठावरील धक्क्यावर १० सप्टेंबर १८९८ रोजी ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिची एका अराज्यवाद्याने हत्या केली.

जुने शहर : डाव्या काठावरील टेकडीवर जुने शहर असून त्याच्या माथ्यावर सेंट पीटरचे कॅथीड्रल आहे. त्याचे बांधकाम बाराव्या शतकात सुरू झाले. अठराव्या शतकात गॉथिक दर्शनी भाग काढून तेथे अभिजात शैलीतील स्तंभावली उभारण्यात आली. धर्मसुधारकांनी मूर्ती व चित्रे काढून टाकल्यामुळे अंतर्भाग अगदी साधा दिसतो. कॅल्व्हिनची समजली जाणारी लाकडी खुर्ची येथे जतन केली आहे. कॅथीड्रलच्या जमिनीखाली उत्खननात सापडलेले रोमन व आद्य ख्रिस्ती काळातील अवशेष प्रेक्षकांना पाहता येतात. मनोऱ्यावरून शहर, सरोवर व जुरा पर्वत यांचे दृश्य दिसते.

जवळचे ‘मेझों ताव्हेल’ हे शहरातील सर्वांत जुने निवासी घर १३३४ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेले असून तेथे नगरसंग्रहालय आहे. नगरभवनात पायऱ्यांऐवजी फरसबंदी चढण आहे. त्याच इमारतीतील ‘अलाबामा’ दालनात २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राष्ट्रांनी पहिल्या जिनीव्हा करारावर सह्या केल्या. १८७२ मध्ये अमेरिकेची संयुक्त संस्थाने व ब्रिटन यांच्यातील ‘अलाबामा’ या जहाजासंबंधीच्या तंट्याचा निवाडाही लवादाने तेथेच दिला. दालनाचे नाव त्यावरूनच पडले.

११–१२ डिसेंबर १६०२ च्या रात्री सव्हॉयच्या ड्यूकचे सैन्य शिड्या लावून तटावर चढले, ते नागरिकांनी परतविले. एका गृहिणीने शत्रूच्या डोक्यावर सूपाचे उकळते भांडे ओतले, अशी आख्यायिका आहे. ‘एस्कलाद’ या वार्षिक उत्सवात त्याची आठवण म्हणून चॉकलेटची भांडी फोडतात.

श्रद्धा आणि स्वातंत्र्य यांची स्मारके : जुन्या तटाच्या पायथ्याशी, बास्तियाँ उद्यानात, सु. १०० मी. लांबीची धर्मसुधारणेची भिंत आहे. कॅल्व्हिनच्या जन्माची चारशे वर्षे व त्याने १५५९ मध्ये स्थापिलेल्या अकादमीची साडेतीनशे वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने १९०९ मध्ये तिचे काम सुरू झाले. मध्यभागी फारेल, कॅल्व्हिन, बेझा व नॉक्स यांचे सु. ५ मी. उंचीचे पुतळे आहेत. समोरच त्या अकादमीतून विकसित झालेले विद्यापीठ आहे.

ही भिंत पाहणाऱ्याने शांपेल येथील लहानसा शिलास्तंभही पाहावा. त्रैक्याचा सिद्धांत नाकारणारा स्पॅनिश वैद्य व धर्मचिंतक मीगेल सर्व्हिटस याला २७ ऑक्टोबर १५५३ रोजी या परिसरात जिवंत जाळण्यात आले. कॅल्व्हिनच्या अनुयायांनीच १९०३ मध्ये हा प्रायश्चित्तस्तंभ उभारला. मात्र त्यावरील लेखात कॅल्व्हिनचा गौरव करून दोष त्याच्या शतकाला दिला आहे. सर्व्हिटसचा पुतळा उभारण्यास त्यावेळी शहराने नकार दिला व तो १९०८ मध्ये सीमेपलीकडील आनमास या फ्रेंच गावी बसविण्यात आला. त्याची प्रतिकृती जिनीव्हात येण्यास २०११ साल उजाडले.

असाच अनुभव रूसोच्या बाबतीत येतो. झां झाक रूसो याचा जन्म १७१२ मध्ये जुन्या शहरातील ‘ग्रां-र्‍यू’ या रस्त्यावरील घरात झाला. १७६२ मध्ये त्याचे दोन ग्रंथ नगरभवनासमोर जाळण्यात आले व पुढच्या वर्षी त्याने जिनीव्हाच्या नागरिकत्वाचा त्याग केला. १८३५ मध्ये ऱ्होनमधील छोट्या बेटावर त्याचा पुतळा उभारण्यात आला व बेटालाही त्याचे नाव मिळाले. त्याचा प्रतिस्पर्धी व्हॉल्तेअर १७५५ पासून काही वर्षे जेथे राहिला, त्या ‘ले देलिस’ या घरात आता व्हॉल्तेअर संग्रहालय आहे.

संग्रहालये : कला व इतिहास संग्रहालयातील कोनराट व्हिट्स याचे १४४४ चे मासेमारीच्या चमत्काराचे चित्र विशेष महत्त्वाचे आहे. बायबलमधील प्रसंग चित्रकाराने जिनीव्हा सरोवरावर घडविला असून मागे खरीखुरी शिखरे ओळखू येतात. प्रत्यक्ष भूदृश्याचे अचूक चित्रण करणाऱ्या युरोपातील आद्य चित्रांत त्याची गणना होते. कॅथीड्रलच्या वेदीसाठी काढलेल्या या चित्रसंचातील चेहरे मूर्तिभंजकांनी खरवडले होते. ते पुढे दुरुस्त करण्यात आले. पतेक फिलिप संग्रहालयात (स्थापना २००१) पाच शतकांतील घड्याळे आहेत. कॅल्व्हिनच्या काळी दागिन्यांवर निर्बंध आल्याने सोनार घड्याळांकडे वळले व निर्वासित कारागिरांमुळे हा धंदा भरभराटला, असे मानले जाते.

आंतरराष्ट्रीय जिनीव्हा : उजव्या काठावरील आरियाना उद्यानात राष्ट्रसंघासाठी १९२९–३८ मध्ये बांधलेला ‘राष्ट्रांचा प्रासाद’ आहे. आता तेथे संयुक्त राष्ट्रांचे यूरोपीय कार्यालय आहे. प्रवेशद्वारासमोर एक पाय तुटलेली १२ मी. उंचीची लाकडी खुर्ची भूसुरुंगांच्या बळींचे स्मरण करून देते. ती १९९७ मध्ये उभारण्यात आली. जवळच्या रेडक्रॉस संग्रहालयात पहिल्या महायुद्धातील युद्धकैद्यांच्या नोंदपत्रांचा संग्रह आहे. आप्तांचा ठावठिकाणा शोधणाऱ्या कुटुंबांसाठी ही लक्षावधी पत्रे स्वयंसेवकांनी तयार केली. रेडक्रॉसचा एक संस्थापक आंरी द्यूनां याचा जन्म जिनीव्हातच झाला (१८२८). १८६७ मध्ये दिवाळे निघाल्यावर त्याला शहर सोडावे लागले व तो पुन्हा परतला नाही. १९०१ मध्ये पहिल्या शांतता नोबेल पारितोषिकाचा तो एक मानकरी ठरला.

परिसर : शहराच्या पश्चिमेस ऱ्होनला आर्व्ह नदी मिळते. सरोवरात गाळ खाली बसल्याने ऱ्होनचे पाणी निळसर व नितळ, तर हिमनद्यांच्या गाळाने आर्व्हचे राखी असते. हे दोन प्रवाह संगमानंतर काही अंतर वेगळे ओळखू येतात. कारूझ हे सार्डिनियाच्या राजांनी अठराव्या शतकात वसविलेले उपनगर व फ्रान्समधील सालेव्ह पर्वतावर नेणारा रज्जुमार्ग ही अन्य आकर्षणे आहेत. मेराँ येथे सर्न ही अणुकेंद्रीय संशोधनसंस्था (स्थापना १९५४) असून तिच्या आवारात भारताने दिलेली नटराजाची मूर्ती २००४ मध्ये बसविण्यात आली. जून ते सप्टेंबर हा पर्यटनास अनुकूल काळ होय. हिवाळ्यात ईशान्येकडून ‘बीझ’ नावाचे बोचरे वारे वाहतात.

भारतीय क्रांतिकारकांनाही या शहराने आसरा दिला. लंडनमधील ‘इंडिया हाउस’चे संस्थापक व विनायक दामोदर सावरकर यांना १९०६ मध्ये विलायतेस जाण्यासाठी शिष्यवृत्ती देणारे श्यामजी कृष्णवर्मा १९१४ मध्ये पॅरिसहून येथे आले. ३० मार्च १९३० रोजी त्यांचे येथेच निधन झाले. सेंट जॉर्ज दफनभूमीत जतन केलेल्या त्यांच्या व पत्नी भानुमती यांच्या अस्थी ऑगस्ट २००३ मध्ये भारतात आणण्यात आल्या.