वजा केलेला दगड

वेरूळला कैलास लेण्याच्या कड्यावर उभं राहून खाली पाहिलं की बहुतेकांच्या तोंडून एकच प्रश्न निघतो : एवढा दगड काढला, तो गेला कुठे? आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, कारागिरांनी डोंगर माथ्यापासून खाली कोरत आणला. इथे काही रचलं नाही, काही जोडलं नाही. नको ते काढून टाकलं आणि उरलं ते देऊळ झालं.

लेण्यांतून बाहेर पडलं की गारगोट्या विकणारे गाठतात. बटाट्याएवढा ओबडधोबड गोळा दोन हातांत धरायचा, मधोमध उघडायचा आणि आतली लुकलुक पाहून गिऱ्हाईक थबकलं की भाव सांगायचा. घासाघीस करताना आपल्या ध्यानात येत नाही, पण आतलं देऊळ आणि बाहेरची गारगोटी ही एकाच घरातली भावंडं आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. थंड होणाऱ्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांत झिरपलं आणि भिंतींवर पातळ थर चढवत गेलं. बाहेरचा काळा बेसाल्ट लेणी कोरणाऱ्यांनी घेतला. आतला पट्ट्यापट्ट्यांचा, अर्धपारदर्शक अकीक मणी करणाऱ्यांनी घेतला.

मण्याला आपण शिल्प म्हणत नाही. पण तोही कोरूनच होतो, काढून टाकूनच होतो. फरक इतकाच, की या शिल्पाभोवती आपण प्रदक्षिणा घालत नाही, ते आपल्या गळ्याभोवती फिरतं. आणि कैलासासमोर सुचणारा प्रश्न मण्यासमोर कुणाला सुचत नाही.

मऊ दगड, कठीण दगड

अंगावर घालायचं शिल्प म्हटलं की हल्ली संगमरवर आठवतो. त्याचे लोलक, कर्णफुलं, जाडजूड अंगठ्या दागिन्यांच्या प्रदर्शनांत दिसू लागल्या आहेत. दिसतातही देखण्या. पण संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्साइट, आणि खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहस् पट्टीवर त्याचा आकडा ३. स्वयंपाकघरातल्या सुरीनेही त्यावर ओरखडा उठतो. शिल्पकाराला तो प्रिय आहे तो याचसाठी. छिन्नीचं ऐकतो, तासून घेतो, अंगभर गुळगुळीत होतो.

मूर्ती मात्र कोनाड्यात उभी असते आणि अंगठी संसार करते. तिला भांडं लागतं, कडी लागते, नळ लागतो. लिंबू पिळताना उडालेल्या थेंबानेही संगमरवराची झिलई जाते, कारण आम्ल कॅल्साइटला खातं. साध्या धुळीतही सिलिकाचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा ७. म्हणजे अंगठीवरची धूळ फडक्याने पुसणं हेसुद्धा संगमरवराला घासणंच झालं. त्यामुळे संगमरवराचा दागिना एक तर जपून वापरायचा किंवा त्यावर राळेसारखा लेप द्यायचा.

जुन्या कारागिरांनी यावर वेगळी तोड काढली. १५८८ मध्ये फर्डिनांडो दे मेदिची याने फ्लॉरेन्सला कठीण दगडांच्या कामासाठी राजकारखाना काढला. पुढे एकोणिसाव्या शतकात त्या शहराचे ब्रोच युरोपभर गेले. त्यांत काळा संगमरवर ही नुसती जमीन, फुलं-पानं रंगीत दगडांच्या चकत्यांची. आग्ऱ्याच्या पच्चीकारीचंही तेच. ताजमहालात मकराण्याचा पांढरा संगमरवर पोटाशी घेतो आणि लाल अकीक पाकळी होतो. मऊ दगडाने जागा द्यायची, कठीण दगडाने चमकायचं.

अकीकाचा कठीणपणा साडेसहा ते सात. त्याला सुरी लागत नाही, घाम लागत नाही, लिंबू लागत नाही. गळ्यात घालायला याहून शहाणा दगड नाही. पण जो दगड झिजत नाही, तो घडवणाऱ्यालाही सहजी दाद देत नाही.

एका भोकाचे ४० तास

या हट्टी दगडाशी उपखंडातल्या माणसाने फार लवकर झुंज घेतली. १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी सिंधमधल्या चन्हुदडो इथे उत्खनन केलं, तेव्हा हडप्पाकालीन मणी घडवणाऱ्यांची अख्खी वसाहतच उजेडात आली. अर्धवट तासलेले मणी, अर्धवट भोकं आणि दगडी गिरमिटं. या गिरमिटांचा दगड विलक्षण कठीण आहे. जोनाथन मार्क केनॉयर आणि मासिमो विदाले या संशोधकांनी मॅके यांची आठवण म्हणून त्याला ‘अर्नेस्टाइट’ असं नाव दिलं. केनॉयर यांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा त्या दगडाने लाल अकीकात तासाला सुमारे अडीच मिलिमीटर भोक पडलं.

आता हिशेब करू. हडप्पाकालीन लांब मणी १० सेंटिमीटरच्याही पुढे जातात. १० सेंटिमीटर म्हणजे ४० तास, आणि हे नुसतं भोक पाडायला. तेही दोन्ही टोकांकडून, म्हणजे दोन बोगदे दगडाच्या अंधारात मधोमध एकमेकांना भेटले पाहिजेत. जरा तिरकं गेलं, जास्त तापलं, की आठवडाभराची मेहनत हातात दुभंगली. लिओनार्ड वुली यांनी इराकमधल्या ऊर इथली राजघराण्याची थडगी खणली, त्यांत सोनं आणि लाजवर्दाच्या शेजारी हे लांब लाल मणी होते. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथल्या श्रीमंतांनी सिंधू खोऱ्यातली ही चिकाटी गळ्यात घातली होती.

महाराष्ट्रही या कथेत पाहुणा नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इनामगावला १९६८ पासून केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे अकीकाचे मणी मिळाले. सातवाहनकाळात तर हा व्यापारच झाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणचा उल्लेख आहे. तिथून भडोचच्या बंदराला गाड्या भरभरून गोमेदासारखे पट्ट्यांचे दगड जात, आणि तगर म्हणजे आपल्या तेरहून कापड. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात काचेमागे ठेवलेले मणी पाहताना ही वाट डोळ्यांसमोर आणावी. आज धाराशिव जिल्ह्यातलं खेडं वाटणारं हे गाव रोमन जगाच्या बाजाराला जोडलेलं होतं.

तोवर हत्यारही बदललं होतं. ख्रिस्तपूर्व काळातच पश्चिम भारतातल्या कारागिरांनी गिरमिटाच्या टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कण्या बसवायला सुरुवात केली. हडप्पाच्या कारागिराला जिथे दिवस लागत, तिथे आता घटका पुरू लागली. मणी स्वस्त झाले, संख्येने वाढले आणि राजाच्या गळ्यातून बाजारात उतरले.

खंबायतचा विस्तव

ही परंपरा जिथे आजही जिवंत आहे, ते गाव म्हणजे गुजरातमधलं खंबायत. दगड येतो नर्मदेकाठच्या रतनपूर भागातून. दख्खनच्या लाव्ह्यातून सुटलेल्या गारगोट्या तिथे जुन्या गाळात थरच्या थर साचल्या आहेत. खड्डे खणून त्या काढतात. तिथल्या टेकडीवर बाबा घोर या हबशी संताचा दर्गा आहे. सिद्दी समाजाचं ते मोठं श्रद्धास्थान, आणि अकीकवाल्यांचे बाबा घोर हे पीर. आफ्रिकेतून आलेल्या संताने गुजरातच्या दगडाची राखण करावी, आणि त्याच दगडाच्या माळा पुन्हा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विकल्या जाव्यात! सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने रतनपूरजवळच्या लिमोदऱ्याच्या खाणींचं आणि तिथल्या मण्यांच्या व्यापाराचं वर्णन करून ठेवलं आहे.

खाणीतून निघतो तेव्हा दगड लाल नसतो, मळकट पिवळा-तपकिरी असतो. आधी त्याला महिनोन्‌महिने ऊन देतात. मग मडक्यात भरून गोवऱ्यांच्या, भुशाच्या मंद विस्तवात रात्रभर ठेवतात. दगडातल्या लोहाच्या संयुगातलं पाणी उडतं, लाल ऑक्साइड उरतं आणि पिवळा दगड पिकल्या डाळिंबाच्या रंगाचा होतो. घाई केली तर तडकतो. तापवल्याने आणखी एक काम होतं : दगड छिलायला सोपा जातो.

छिलण्याची रीत उफराटी आहे. जमिनीत तिरकी रोवलेली लोखंडी सळई, वर टोक. दगड त्या टोकाला टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोड्याने दगडावरच हलकी टिचकी मारायची. कपची उडते ती खालच्या टोकाच्या बाजूने. शेकडो टिचक्यांत मण्याचा आकार येतो. मग घसाई, मग भोक, मग झिलई. पूर्वी मणी, पाणी आणि कुरुंदाची पूड चामड्याच्या पिशवीत भरून दोन माणसं समोरासमोर बसत आणि कित्येक दिवस ती पिशवी एकमेकांकडे लोटत राहत. आता पिशवीच्या जागी विजेवर फिरणारं पिंप आलं.

वीज घसाईलाही आली, आणि गोष्ट तिथे बिघडली.

धूळ कुठे गेली

हाताने घासताना दगड सावकाश झिजे. विजेचं चाक दगडाला काही मिनिटांत गोल करतं, आणि तेवढ्याच वेगाने त्याची धूळ करतं. ही धूळ जवळजवळ निव्वळ सिलिका. डोळ्याला दिसणारे कण नाकात, घशात अडतात. न दिसणारे, काही सहस्रांश मिलिमीटरचे, थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. शरीरातल्या पेशी त्यांना गिळायला जातात आणि स्वतःच मरतात. त्या जागी व्रणाची गाठ बनते. गाठीला गाठ मिळत जाते आणि फुप्फुस ताठर होतं. या आजाराचं नाव सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. काम सोडलं तरी तो पुढे सरकत राहतो आणि क्षयाला वाट करून देतो.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबायतच्या घसाईकामगारांमधला हा आजार काही दशकांपूर्वीच तपासून नोंदवला आहे. धूळ ओढून घेणारं यंत्रही तिने तयार केलं. मग अडलं कुठे? काम घराघरांतून चालतं. चाक ओसरीवर, चूल आत, पाळणा मध्ये. ज्याने चाकाला कधी हात लावला नाही, तोही तीच हवा घेतो. मजुरी नगावर, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. यंत्राचं वीजबिल कोण भरणार, हा प्रश्न घसणाऱ्याच्याच माथी. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात सिलिकोसिसची नोंद होती, पण त्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला दहा कामगार मागितले. ओसरीवर तीन-चारच बसतात.

संगमरवराची धूळही काही औषध नव्हे, पण ती चुन्याची. शुद्ध संगमरवरात सिलिका थोडी. मऊ दगड घालणाऱ्याच्या अंगावर लवकर झिजतो, कठीण दगड घडवणाऱ्याला झिजवतो. दागिन्याचं टिकाऊपण आपण दुकानात मोजून घेतो. ते कुणाच्या आयुष्यातून वळतं झालं, हे त्या हिशेबात येत नाही.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण दगडाकडे बोट दाखवून वापरतो. घाव सोसले त्यानेच आणि देवपण मिळालं तेही त्यालाच, असा त्यात सरळ न्याय आहे. खंबायतच्या मण्यात हा न्याय मोडतो. झिलई एकाच्या वाट्याला येते आणि घाव दुसऱ्याच्या.

याचा अर्थ अकीक घालू नये असा नाही. बाजार आटला तर ओसरीवरचं चाक थांबेल, पण चूलही थांबेल. हवं ते एवढंच, की ओली घसाई आणि धूळ ओढणारा पंखा यांचा खर्च मण्याच्या किमतीत धरला जावा, आणि विकणाऱ्याने व घेणाऱ्याने तो उचलावा. सोन्याच्या दागिन्याची घडणावळ आपण कुरकुरत का होईना, वेगळी मोजून देतो. दगडाला घडणावळ असते, हेच आपण विसरलो आहोत.

कैलासातून निघालेला दगड कुठे गेला, यावर अजून वाद घालता येतो. मण्यातून निघालेला दगड कुठे गेला, हे छातीच्या एक्स-रेवर दिसतं.