लायगो-इंडिया आणि औष्णिक गोंगाट

औष्णिक गोंगाट म्हणजे पदार्थातील अणूंच्या उष्णताजन्य थरथरीमुळे अतिसूक्ष्म मोजमापात येणारा अडथळा होय. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेची संवेदनशीलता ज्या गोष्टींवर अवलंबून राहील, त्यांत या गोंगाटाचा समावेश होतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पाला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चास अंतिम मान्यता दिली. पुण्यातील आयुका ही संस्था प्रकल्पात सहभागी आहे.

कारण

वेधशाळेला परस्परांशी काटकोनात प्रत्येकी ४ किमी लांबीच्या दोन भुजा असतात. भुजांमधील आरशांवरून लेसर किरण परावर्तित करून लांबीतील फरक मोजला जातो. अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेल्या पहिल्या लहरीच्या वेळी हा फरक प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान होता. त्यामुळे आरशाच्या पृष्ठभागाची औष्णिक थरथरही मूळ संकेत झाकून टाकू शकते.

पदार्थांची निवड

पदार्थात कंपनऊर्जेचा ऱ्हास जितका कमी, तितका हा गोंगाट कमी असतो. उत्तम घंटा दीर्घकाळ निनादते, कारण तिच्यात कंपनऊर्जेचा ऱ्हास कमी असतो; त्यामुळे तिचे कंपन ठरावीक स्वरापुरते मर्यादित राहते. इतर कंप्रतांना ती जवळजवळ शांत असते. याच तत्त्वानुसार लायगोचे ४० किलोग्रॅमचे आरसे अतिशुद्ध सिलिका काचेचे असून काचेच्याच बारीक तंतूंनी टांगलेले असतात. मात्र त्यांवरील परावर्तक लेपात ऊर्जेचा ऱ्हास अधिक होतो. हा लेप सिलिका आणि टायटॅनियममिश्रित टँटलम ऑक्साइड यांच्या एकाआड एक थरांचा असतो.

संगणकाचा उपयोग

लेपातील अणूंची मांडणी स्फटिकासारखी नियमित नसते. अणूंचे काही गट जवळपास समान ऊर्जेच्या दोन मांडण्यांमध्ये अदलाबदल करतात व त्यातून ऊर्जेचा ऱ्हास होतो. संगणकीय प्रतिकृतींच्या साहाय्याने असे गट ओळखता येतात आणि मिश्रधातूप्रमाणे घटकांचे प्रमाण बदलल्यास काय होईल, याचा अंदाज बांधता येतो. अंतिम पडताळणी प्रयोगशाळेतच होते. २०२१ मध्ये टायटॅनियममिश्रित जर्मेनियम ऑक्साइडच्या लेपात ऊर्जेचा ऱ्हास बराच कमी असल्याचे प्रसिद्ध झाले. जपानमधील काग्रा वेधशाळेने वेगळा मार्ग स्वीकारला असून तेथे नीलमणी स्फटिकाचे आरसे अतिशीत करण्याची योजना आहे.

महत्त्व

वेधशाळेचा पल्ला दुप्पट झाल्यास तिच्या कक्षेतील अवकाशाचे घनफळ आठपट होते. त्यामुळे काही मायक्रोमीटर जाडीच्या लेपातील सुधारणेनेही कृष्णविवरांच्या अधिक टकरी टिपता येतात.