काठावरची माशी : लक्षण आणि अनुपलब्धी

मंडळी, लक्षणाचे तीन दोष आपण मागे पाहिले. ‘शिंगं असणं’ हे गाईचं लक्षण म्हटलं तर म्हैसही आत येते, ती अतिव्याप्ती. ‘तांबूस रंग’ म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ती अव्याप्ती. ‘एकच अखंड खूर’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, तो असंभव. आज गाईऐवजी चार-पाच मिलिमीटरची माशी घेऊ. हसू नका, गाईला ओळखायला न्यायशास्त्र लागत नाही, हिला लागतं.

तळ्याच्या, दलदलीच्या काठी ओल्या चिखलावर बारीक काळसर माश्या बसतात. त्यांच्या कुळाला इफिड्रिडी म्हणतात आणि त्यात जगभरात सुमारे दोन हजार जाती आहेत. आपण ‘काठमाशी’ म्हणू. त्यांतली ऑक्थेरा मँटिस ही जात स्वीडनच्या कार्ल डे गीर यांनी १७७६ मध्ये नोंदवली. तिच्या पुढच्या पायांच्या मांड्या चांगल्या फुगलेल्या असतात, आणि नडगीच्या टोकाचा बाकदार काटा मांडीवर अडकित्त्यासारखा मिटतो. या पायांनी ती चिखलातल्या अळ्या ओढून काढते. प्रार्थनाकीटकाची, म्हणजे मँटिसची आठवण होते, म्हणून हे नाव. दोघांचं नातं मात्र काही नाही. सारखं काम करता करता पाय सारखे झाले, इतकंच. साम्य पाहून नातं जोडायची घाई माणसाला फार.

आता ‘फुगलेल्या मांड्यांची काठमाशी’ हे लक्षण या जातीला पुरेल का? नाही. ते ऑक्थेरा या सबंध प्रजातीला लागू पडतं आणि ही प्रजाती अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर आहे. म्हणजे सरळ अतिव्याप्ती. जात ठरवायची तर चेहऱ्याचा आकार, तोंडाजवळच्या स्पर्शकांचा रंग, पुढच्या पावलांची ठेवण आणि शेवटी नराच्या पोटाच्या टोकाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. छायाचित्रावरून प्रजाती सांगता येते, जात सांगणं बऱ्याचदा धाडसाचं. आमच्या मते तिथे ‘ऑक्थेरा, जात अनिश्चित’ असं लिहिणंच सरळ.

हा नुसता काथ्याकूट नाही. याच प्रजातीतली ऑक्थेरा कॅलिबेसेन्स ही माशी हिवतापाच्या ॲनॉफिलीस डासांच्या अळ्या मारून खाते, असं पश्चिम केनियातल्या एका अभ्यासात दिसलं. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उद्या कुणी हा गुण दुसऱ्याच जातीच्या नावावर मांडला, तर पुढचे सगळे प्रयोग भलत्याच माशीवर होतील.

प्रसाराचा प्रश्न याहून अवघड. ऑक्थेरा मँटिस युरोपात आणि उत्तर अमेरिकेत आढळते. पण नकाशावरचा ठिपका एवढंच सांगतो की अमुक ठिकाणी, अमुक दिवशी, ओळखणाऱ्या माणसाला ती दिसली. ठिपके जिथे दाट, तिथे माश्या दाट की माशा पाहणारी माणसं दाट? आणि कोरी जागा काय सांगते?

इथे कुमारिलांची अनुपलब्धी उपयोगी पडते. टेबलावर घडा नाही हे आपल्याला कळतं, कारण असता तर दिसला असता. ही योग्य अनुपलब्धी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही, असं म्हणता येत नाही. काठमाशीचं तसंच आहे. जाळी गवतावरून फिरवली आणि माशी बसली होती उघड्या चिखलावर, किंवा पाहणी झाली कडाक्याच्या थंडीत, तर ‘आढळली नाही’ या शब्दांना अर्थ किती? तरी अहवालात ते शब्द येतात, आणि पुढचा वाचणारा त्यांचा ‘नाही’ करतो. मग त्या पाणथळीत राखण्यासारखं काही नाही म्हणून भराव टाकायला कुणाची हरकत उरत नाही.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू, रिकाम्या हाताने परतलात तरी नोंद करा. तारीख, वेळ, चिखल की गवत, किती वेळ शोधलंत, कशाने शोधलंत. एवढं लिहिलेलं असेल तरच त्या ‘नाही’वर बोलता येईल.