वाढत्या घरांचे वास्तुविशारद : बाळकृष्ण दोशी

२६ ऑगस्ट हा वास्तुविशारद बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी यांचा जन्मदिन. १९२७ साली पुण्यात जन्मलेल्या दोशींचे २४ जानेवारी २०२३ रोजी अहमदाबादेत निधन झाले. वास्तुकलेतील सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झकर पारितोषिक २०१८ साली त्यांना लाभले; तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मात्र त्यांचे विद्यार्थी आणि चाहते या दिवशी स्मरण करतात ते माणसाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या त्यांच्या दृष्टीचे.

फर्निचरचा पिढीजात व्यवसाय असलेल्या एकत्र कुटुंबात ते वाढले. मुंबईच्या सर ज. जी. संस्थेत वास्तुकला शिकून त्यांनी पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम केले आणि पुढे त्यांच्याच इमारतींच्या देखरेखीसाठी ते अहमदाबादेत आले. या शहराला तेव्हा दूरदृष्टीचे उद्योगपती लाभले होते. गिरण्यांतून मिळवलेले धन विद्या आणि कलेकडे वळवणाऱ्या त्या पिढीत कस्तुरभाई लालभाई अग्रणी होते.

त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या लालभाई दलपतभाई भारतीय विद्यामंदिराची वास्तू दोशींनी १९६२ च्या सुमारास रचली. मुनिश्री पुण्यविजयजींनी दिलेला हस्तलिखितांचा अमोल संग्रह तेथे जतन व्हायचा होता. ऊन, दमट हवा आणि धूळ हे जुन्या पोथ्यांचे वैरी. दोशींनी जुन्या उपाश्रयांची रचना अभ्यासली, साधूंशी विचारविनिमय केला आणि मगच आराखडा निश्चित केला. ज्ञानभांडाराची परंपरा काँक्रीटच्या नव्या वास्तूत अशी सहजपणे सामावली.

याच दृष्टीचा विशाल आविष्कार इंदूरच्या अरण्य वसाहतीत दिसतो. सुमारे साडेसहा हजार घरांच्या या वसाहतीतील बहुसंख्य भूखंड अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी होते. सर्वांत लहान भूखंड अवघा ३५ चौरस मीटरचा. पूर्ण घर देणे परवडणारे नव्हते. म्हणून जोते, पाणी आणि शौचालयाची सोय असा पाया देऊन उरलेले बांधकाम कुटुंबावर सोपवले. कमाई वाढेल तशी खोली वाढवावी, मजला चढवावा, रस्त्याकडील भागात दुकान थाटावे. नमुन्यादाखल ८० घरे मात्र दोशींनी स्वतः उभारून दाखवली. श्रीमंत, मध्यमवर्गीय आणि गरीब यांचे भूखंड एकाच वसाहतीत योजले होते. १९९५ मध्ये या प्रकल्पाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

व्यापारी घराण्यांना ही रीत परकी वाटणार नाही. लहानशा गाळ्यात पेढी सुरू करावी, नफ्यातून माल वाढवावा, मुलगा हाताशी आला की शेजारचा गाळा घ्यावा, ही वाट पिढ्यान्‌पिढ्या मळलेली आहे. दोशींनी तोच विश्वास गरिबाच्या घरावर ठेवला. हाती थोडे असलेल्या माणसालाही आपली वाढ आपणच योजता येते, फक्त त्याच्या पायाखाली भक्कम जोते हवे, असे त्यांच्या कामातून जाणवते.

आज समाजात वसतिगृहे, धर्मशाळा, निवासी संकुले उभी राहत आहेत. दर्शनी भागाच्या संगमरवरावर होणाऱ्या खर्चाइतकाच विचार तेथे राहणाऱ्यांच्या उद्याच्या गरजांचा व्हावा, पुढे खोल्या वाढवायला जागा राखली जावी. दोशींच्या जन्मदिनी त्यांच्या चाहत्यांनी जपावा असा हाच वारसा आहे.