मोंबासातला बनाव आणि आपल्या एमआयडीसीतले ड्रम

९ नोव्हेंबर २०१४ रोजी केनियातल्या मोंबासा या बंदराच्या शहरात चौघांना अटक झाली. बक्ताश आकाशा, त्याचा भाऊ इब्राहिम, गुलाम हुसेन हा पाकिस्तानी आणि विजयगिरी ऊर्फ विकी गोस्वामी हा आपल्या देशातला. कोलंबियातल्या बड्या टोळीचे प्रतिनिधी म्हणून जे लोक कित्येक महिने त्यांच्याशी सौद्याची बोलणी करत होते, ते प्रत्यक्षात अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने, म्हणजे डीईएने पेरलेले खबरी होते.

अंबरनाथ-बदलापूरच्या वाचकाने या अटकेत लक्ष का घालावं? अटकेनंतर दीड वर्षाच्या आत याच टोळीचा धागा सोलापूरच्या एका औषधी रसायनांच्या कारखान्यात सापडला, आणि तो शोधला ठाणे पोलिसांनी. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरं याच ठाणे आयुक्तालयाच्या परिमंडळ चारमध्ये येतात. आणि सोलापूरचा तो कारखाना ज्या प्रकारचा होता, त्या प्रकारचे कारखाने मोरिवली, आनंदनगर आणि खरवईच्या औद्योगिक वसाहतींत आपण रोज येता-जाता पाहतो. इथल्या उद्योगावर संशय घ्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. मोंबासातल्या बनावाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. त्या कथेचं दुसरं टोक आपल्यासारख्या गावात असतं, ते मात्र कुणी फारसं सांगत नाही. म्हणून हा आढावा.

आधी मोंबासा. किलिंदिनी हे पूर्व आफ्रिकेतलं मोठं बंदर. युगांडा, रवांडापर्यंतचा माल तिथून चढतो-उतरतो. कच्छ-काठियावाडची गलबतं तिथल्या जुन्या बंदरात पिढ्यान्‌पिढ्या लागत आली. अफगाणिस्तानचं हेरॉईन मकरानच्या किनाऱ्यावरून होड्यांत भरून अरबी समुद्रातून खाली उतरवायचं, हा मार्ग त्या वर्षी जगापुढे ठळकपणे आला. एप्रिल २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ‘डार्विन’ या युद्धनौकेने केनियाजवळच्या समुद्रात एका होडीवर हजार किलोंहून अधिक हेरॉईन पकडलं. ऑगस्टमध्ये ‘अल नूर’ हे जहाज आतल्या हेरॉईनसकट मोंबासाबाहेर समुद्रात उडवून दिलं गेलं, आणि ते पाहायला खुद्द केनियाचे राष्ट्राध्यक्ष हजर होते.

आकाशा घराण्याचा बाप इब्राहिम अब्दल्ला २००० साली अॅमस्टरडॅममध्ये भररस्त्यात मारला गेला. धंदा मुलांकडे आला. पोलीस, वकील, न्यायाधीश यांच्यापर्यंत पैसा पोचवून या भावांनी वर्षानुवर्षं स्वतःला सुरक्षित ठेवलं, हे पुढे न्यूयॉर्कच्या न्यायालयात त्यांच्याच कबुलीतून बाहेर आलं. अशा शहरात स्थानिक पोलिसांच्या भरवशावर सापळा लावणं कठीण. म्हणून बाहेरचा माणूस, बाहेरची ओळख आणि मोठं गिऱ्हाईक असल्याचं सोंग.

या सोंगातली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. केनियात झालेल्या सौद्यावर अमेरिकेचं न्यायालय हात कसा टाकतं? तिथल्या कायद्याप्रमाणे परदेशातला व्यवहारही गुन्हा ठरतो, पण एका अटीवर: माल शेवटी अमेरिकेत जाणार आहे, हे विकणाऱ्याला माहीत असलं पाहिजे, किंवा तसं मानायला त्याच्याकडे सबळ कारण असलं पाहिजे. त्यामुळे खबऱ्याला भाव, वजन आणि दर्जा यांवर बोलणं पुरत नाही. माल अमेरिकेला चालला आहे हे समोरच्याच्या कानावर स्पष्ट घालायचं, त्याने ते समजून मान्य करायचं, आणि हे सारं ध्वनिमुद्रित व्हायचं. एवढं एक वाक्य राहून गेलं तर महिन्यांची मेहनत पाण्यात. इब्राहिमने नैरोबीत ९९ किलो हेरॉईन आणि दोन किलो मेथॅम्फेटामाइन त्या ‘गिऱ्हाइकां’च्या हवाली केलं, तेव्हा खटल्याचा पाया आधीच रचला गेला होता.

तरी दोन वर्षांहून जास्त काळ केनियाच्या न्यायालयांत प्रत्यार्पणाचा खटला रेंगाळला. चौघे जामिनावर बाहेर होते. सोलापूरचा धागा याच काळातला आहे. अटक झालेली, खटला सुरू, डोक्यावर अमेरिकेची तलवार. आणि तरीही पुढच्या धंद्याची जुळवाजुळव चालूच होती.

विकी गोस्वामीचं नाव त्याआधी मॅन्ड्रॅक्सशी जोडलेलं होतं. मॅन्ड्रॅक्स म्हणजे मेथाक्वालोनच्या गोळ्या. एकेकाळी झोपेचं औषध म्हणून राजरोस मिळत, पुढे जगभर बंदी आली. दक्षिण आफ्रिकेत मात्र तिची नशा गरीब वस्त्यांत खोल रुजली आणि पुरवठा होत राहिला तो भारतातून. गोस्वामीला १९९७ मध्ये दुबईत मॅन्ड्रॅक्सच्या प्रकरणात अटक झाली. लांबलचक शिक्षेतली पंधराएक वर्षं काढून तो २०१२ मध्ये सुटला आणि केनियात गेला. हा पुरवठा जुनी गोष्ट झाली असं कुणाला वाटत असेल, तर ऑक्टोबर २०१६ आठवावा. महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, उदयपूरजवळ साडेतेवीस टन मॅन्ड्रॅक्स पकडलं. किलो नव्हे, टन.

इथे उल्हासनगरची आठवण काढावीच लागते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी बराकींतून उभं केलेलं हे शहर. १९४९ मध्ये त्याला नाव मिळालं. आयातीवर कडक बंधनं होती त्या दशकांत घड्याळं, ट्रान्झिस्टर, परदेशी कापड, अत्तरं यांची ओढ सगळ्या महाराष्ट्राला होती. दुबईहून कोकणच्या खाड्यांत उतरणारा चोरटा माल मुंबईच्या बाजारांत पोचे, आणि हुबेहूब तसा दिसणारा माल उल्हासनगरचे कारागीर इथेच बनवत. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही गोष्ट आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्या कारागिरांची चेष्टा पुष्कळ झाली, त्यांच्या कौतुकाची बाकी अजून आहे. सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी हाताच्या बळावर बाजार उभा केला. १९९० मध्ये सोने नियंत्रण कायदा गेला, पुढच्या वर्षी आयात खुली होऊ लागली आणि घड्याळ-ट्रान्झिस्टरची तस्करी जवळजवळ आपोआप संपली. तेव्हा चोरटा माल समुद्रावरून आत येत होता. मेथाक्वालोन, इफेड्रिन, मेफेड्रोन यांच्या बाबतीत दिशा उलटली. माल आतून बाहेर जाऊ लागला, आणि त्याचं उगमस्थान झालं रसायनांची औद्योगिक वसाहत.

एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी थोडं इफेड्रिन बाळगणाऱ्यांना पकडलं आणि चौकशीचा माग काढत ते सोलापूरच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या एव्हॉन लाइफसायन्सेस या कारखान्यात पोचले. तिथे सुमारे साडेअठरा टन इफेड्रिन जप्त झालं. दोन हजार कोटींचा आकडा तेव्हा वृत्तपत्रांत गाजला. तो आंतरराष्ट्रीय चोरबाजाराच्या भावाचा हिशेब होता. कारखान्याच्या दारात त्या पांढऱ्या भुकटीची किंमत त्याच्या मानाने नगण्य. हा जो भावातला फरक आहे, तोच सगळ्या कटाचं इंधन.

इफेड्रिन स्वतः विष नाही. दम्यावर ते दिलं जाई, शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब घसरला तर भूलतज्ज्ञ आजही ते वापरतात. पण मेथॅम्फेटामाइनचा तो कच्चा माल आहे, म्हणून १९८८च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात त्याच्यावर नियंत्रण आलं. न्यूयॉर्कच्या खटल्यात मांडलेली योजना अशी होती: सोलापूरचं इफेड्रिन टनांनी मोझांबिकला न्यायचं, तिथे प्रयोगशाळा घालायची आणि मेथॅम्फेटामाइन जगभर विकायचं. सोलापूरच्या छाप्याने ही योजना कोसळली, असं अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी नोंदवलं आहे. ठाण्याच्या पोलिसांच्या कामाची ही पावती इथे फार कमी लोकांना माहीत आहे.

पुढचा क्रम थोडक्यात. जानेवारी २०१७ मध्ये चौघांना केनियातून अमेरिकेला नेलं गेलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आकाशा बंधूंनी गुन्हा कबूल केला. बक्ताशला ऑगस्ट २०१९ मध्ये २५ वर्षं आणि इब्राहिमला जानेवारी २०२० मध्ये २३ वर्षं शिक्षा झाली. गोस्वामी सरकारी साक्षीदार झाला. या कटातला आणखी एक मोठा माणूस, ‘सुलतान’ म्हणून ओळखला जाणारा मोहम्मद आसिफ हाफीज, ऑगस्ट २०१७ मध्ये लंडनमध्ये पकडला गेला. प्रत्यार्पण टाळण्यासाठी त्याने जे मुद्दे मांडले त्यात एक असा होता की, आपण स्वतःच तपास यंत्रणांना माहिती पुरवणारे खबरी होतो. तो युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेला, हरला, २०२३ मध्ये अमेरिकेला पाठवला गेला आणि जून २०२५ मध्ये त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली.

खबरी या माणसाकडे म्हणूनच भाबडेपणाने पाहता येत नाही. तो बहुधा त्याच धंद्यातून आलेला असतो. कुणाला शिक्षेत सूट हवी असते, कुणाला पैसा, कुणाला प्रतिस्पर्धी संपवायचा असतो. आपल्याकडेही जप्त मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत बक्षीस देण्याचं सरकारी धोरण आहे आणि खबऱ्याचं नाव उघड करण्याची सक्ती अधिकाऱ्यावर होऊ शकत नाही. फौजदाराच्या फिर्यादीत ‘गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या बातमीवरून’ एवढीच ओळ येते. मग बनावट गिऱ्हाईक जातं, दोन पंच लांबून पाहतात, इशारा होतो, झडप पडते, मुद्देमाल मोहोरबंद होतो. काही तासांचा खेळ. सौदा महिनोन्‌महिने चालू द्यायचा, माल पुढे जाऊ द्यायचा आणि शेवटचा माणूस गाठायचा, ही तरतूद २००१च्या दुरुस्तीने आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही, म्हणजे एनडीपीएसमध्येही, आली. पण तिची परवानगी अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या महासंचालकांच्या पातळीवरची. पोलीस ठाण्याच्या फौजदाराला ती वाट नाही.

या फरकाची किंमत न्यायालयात चुकवावी लागते. न्यूयॉर्कमध्ये आरोपींचे स्वतःचे आवाज होते. ठाण्याच्या प्रकरणात अभिनेत्री ममता कुलकर्णी यांच्यावरही आरोप झाले. केनियातल्या एका बैठकीला त्या हजर होत्या असं म्हटलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला. कुणी बैठकीला बसलं होतं एवढ्यावरून गुन्हा उभा राहत नाही, हे न्यायालयाचं म्हणणं कायद्याला धरून आहे आणि मला पूर्ण पटतं. २०२० च्या तोफान सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने एनडीपीएस अधिकाऱ्यांपुढचे कबुलीजबाब पुरावा म्हणून बाद ठरवले, तेही योग्यच. आपल्या तपासाला आता कबुलीवर विसंबता येणार नाही. त्याला कागद हवा.

आणि हा कागद कारखान्यात असतो. नियंत्रित रसायनांबाबतच्या २०१३ च्या सरकारी आदेशानुसार इफेड्रिन, अॅसेटिक अॅनहायड्राइड, अॅन्थ्रानिलिक अॅसिड यांसारखी रसायनं बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला नोंदणी लागते. घेणाऱ्याने वापराचं घोषणापत्र द्यायचं. मालाबरोबर वाहतुकीची चिठ्ठी जायची. दर तिमाहीला विवरणपत्र. निर्यातीला ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स आयुक्तांचं ना-हरकत प्रमाणपत्र. स्टोअरमध्ये उभं राहून पाहिलं तर हे सगळं चार गोष्टींवर टेकलेलं दिसतं: पंचवीस किलोच्या ड्रमवरचं लेबल, त्यावरचा बॅच नंबर, स्टोअरकीपरचं आवक-जावक रजिस्टर आणि गेटवरचा पास. बॅचमध्ये कच्चा माल किती पडला आणि तयार माल किती निघाला, हे गणित रसायनशास्त्राने बांधलेलं असतं. उतारा सतत कमी पडत असेल, ‘खराब झालेला माल’ म्हणून ड्रम बाजूला निघत असतील, तर काही तरी बाहेर जातंय. हे ओळखायला सोंग घ्यावं लागत नाही, गणित यावं लागतं. शिफ्टवरचा केमिस्ट आणि स्टोअरकीपर हे सर्वांआधी ओळखतात.

फेब्रुवारी २०१५ मध्ये मेफेड्रोन, म्हणजे एमडी, कायद्याच्या यादीत आलं. त्यानंतर नऊ वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुणे पोलिसांना दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत एमडी बनत असल्याचं आढळलं आणि जप्ती दीड टनाच्या पुढे गेली. चिंचोळी, कुरकुंभ, दोन्ही ठिकाणं बंदरापासून दूर, दोन्ही एमआयडीसीत. अंबरनाथ-बदलापूरहून तर न्हावाशेवा काही तासांच्या आत येतं.

आपल्या पट्ट्यात कागद आणि माल यांची फारकत झाली की काय होतं, ते आपण वेगळ्या रूपाने भोगलंही आहे. मोंबासातल्या अटका झाल्या त्याच नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरने सोडलेल्या रसायनामुळे वायू पसरला आणि वस्तीतल्या लोकांना श्वास घेता येईना, रुग्णालयं भरली. ती अमली पदार्थांची तस्करी नव्हती. पण रात्री नोंदीशिवाय हलणारा रसायनाचा टँकर आणि नोंदीशिवाय हलणारा ड्रम अडवायचे उपाय सारखेच आहेत. कारखाने निरीक्षक, प्रदूषण मंडळ, अन्न व औषध प्रशासन आणि नार्कोटिक्स विभाग हे चौघे एकाच कारखान्याची चार रजिस्टरं पाहतात. ती शेजारी ठेवून एकदा ताडून पाहावीत, असं मला मनापासून वाटतं.

आदेशाप्रमाणे या नोंदी दोन वर्षं जपायच्या असतात. मोंबासातली अटक ते हाफीजची शिक्षा हे अंतर साडेदहा वर्षांचं आहे. ही मुदत निदान दहा वर्षांची करावी, आणि शिफ्टवरच्या माणसाला मालकाला न कळता ड्रमाबद्दल चार शब्द सांगता येतील अशी एक जागा परिमंडळ चारच्या हद्दीत असावी. तिथे येणाऱ्याचं नाव मोंबासाच्या खबऱ्याच्या नावाइतकंच सांभाळलं जावं.