कंगव्यापासून ढगापर्यंत

वरच्या इयत्तांतील विज्ञानाच्या पाठांत घर्षणजन्य विजेचा पाठ शिक्षकास बहुधा सोपा वाटतो. कंगवा केसांवरून फिरवावा, कागदाचे कपटे उचलून दाखवावेत, मुलांनी टाळ्या वाजवाव्यात आणि पाठ संपवावा, असा क्रम पुष्कळ शाळांत चालतो. परंतु त्याच वर्गात एखादे मूल पायाळू जन्मलेले असते आणि वळवाच्या पावसात वीज आपल्यावरच पडावयाची, असे त्याने घरच्या वडीलधाऱ्यांकडून व सवंगड्यांकडून लहानपणापासून ऐकलेले असते. ढग गडगडू लागले की ते कोपऱ्यात जाऊन बसते. कपटा उचलणारा कंगवा आणि त्या मुलाला भिवविणारी आकाशातील वीज यांचे नियम एकच आहेत, हे उलगडून दाखविले नाही तर पाठाचा निम्मा भाग शिकवावयाचा राहिला असे म्हणावे लागेल.

आरंभीच एक चुकीची समजूत दूर करणे अवश्य आहे. ‘घर्षणाने वीज उत्पन्न होते’ हे वाक्य सवयीने फळ्यावर लिहिले जाते. पण घर्षणाने काहीही नवीन उत्पन्न होत नाही. प्रत्येक पदार्थाच्या अणूत धन व ऋण असे दोन्ही विद्युद्भार सारख्या प्रमाणात असतात. ऋणभार वाहणाऱ्या कणांस इलेक्ट्रॉन म्हणतात. त्यांचा शोध जे. जे. थॉमसन यांनी 1897 साली लावला. दोन पदार्थ एकमेकांस चांगले भिडले की एकाचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. घासण्याने भिडणारा पृष्ठभाग वाढतो, एवढेच घासण्याचे काम. एका कणगीतील धान्य दुसऱ्या कणगीत ओतले म्हणजे घरातील धान्य वाढत नाही. एकीकडे जेवढे कमी, तेवढेच दुसरीकडे अधिक. प्लॅस्टिकचा कंगवा केसांतून फिरवला म्हणजे तो सामान्यतः ऋणभारित होतो, आणि केस तेवढ्याच प्रमाणात धनभारित होतात. कोरडे केस कंगव्यामागे उभे राहतात ते यामुळेच.

हा गुण मनुष्यास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. घासलेला अंबर गवताची काडी ओढून घेतो, म्हणून संस्कृतात त्याला ‘तृणमणी’ असे नाव पडले. ग्रीक भाषेत त्याच अंबरास ‘एलेक्ट्रॉन’ म्हणत, आणि त्या नावावरूनच विजेचे इंग्रजी नाव आले. भार दोन जातींचे असतात हे फ्रान्समधील द्यू फे यांनी 1733 साली दाखविले. सजातीय भार एकमेकांस दूर लोटतात व विजातीय भार ओढतात. धन व ऋण ही नावे पुढे बेंजामिन फ्रँक्लिन यांच्यामुळे रूढ झाली. कोणत्या भारास धन म्हणावे हा निव्वळ संकेत आहे, हेही मुलांस सांगावे. नाही तर ऋण म्हणजे काहीतरी उणे, कमी प्रतीचे, असा ग्रह होऊन बसतो.

प्रयोगासाठी विकतच्या साहित्याची गरज नाही. ज्वारीच्या वाळलेल्या ताटाची साल सोलून आतील पांढऱ्या भेंडाची हरभऱ्याएवढी गोळी करावी आणि ती बारीक रेशमी धाग्याने टांगावी. भारित कंगवा जवळ नेला की गोळी त्याच्याकडे झेप घेते, त्याला शिवते, आणि लगेच दूर फेकली जाते. त्यानंतर कंगवा जवळ आणावा तसतशी ती मागे सरते. हा प्रयोग दाखविताना घाई करू नये, कारण सर्व तत्त्वे या एकाच हालचालीत आहेत. चौकस मूल येथे हमखास विचारते की, गोळीवर भार नव्हता, तर ती प्रथम ओढलीच कशी गेली? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देणे बरे नव्हे. कंगव्यावरील ऋणभारामुळे गोळीतील इलेक्ट्रॉन किंचित पलीकडे ढकलले जातात, आणि कंगव्याकडील बाजू थोडी धनभारित होते. जवळच्या धनभारावरील ओढ दूरच्या ऋणभारावरील रेट्यापेक्षा अधिक असल्याने गोळी एकंदरीत ओढली जाते. यालाच प्रवर्तन म्हणतात. गोळी कंगव्यास शिवताच कंगव्यावरील काही ऋणभार तिच्यावर येतो. मग दोन्हीकडे एकाच जातीचा भार झाल्याने ती दूर लोटली जाते. कागदाचे काही कपटे कंगव्याला चिकटून थोड्या वेळाने उडून पडतात, त्याचेही कारण हेच.

हा पाठ पौष-माघात घ्यावा. श्रावणात घेतला तर बहुधा फजिती होते, आणि ती नेमकी तपासणीच्या दिवशी व्हावी असाही योग येतो. दमट हवेत पदार्थांच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो, व त्यावरून भार निसटून जातो. पावसाळ्यातच पाठ घेणे भाग असेल तर कागदाचे कपटे कोमट तव्यावर वाळवून घ्यावेत, कंगवा कोरड्या फडक्याने पुसावा, आणि ज्याने केसांस तेल लावलेले नाही असा विद्यार्थी निवडावा. प्रयोग फसला तरी तो का फसला हे सांगितल्यास तोही पाठच होतो.

कंगवा गोळीला न शिवता तिला हलवितो, ही गोष्ट मुलांस चमत्कारिक वाटते. तशी ती थोर शास्त्रज्ञांसही वाटली होती. दोन भारित वस्तूंमधील अंतर दुप्पट केले तर बल एकचतुर्थांश होते, हे कूलॉम यांनी 1785 साली मोजून दाखविले. परंतु मधल्या रिकाम्या जागेत काय घडते, याचे चित्र मायकेल फॅरेडे यांनी दिले. भारित वस्तू आपल्याभोवतालच्या जागेत एक प्रकारचा ताण उत्पन्न करते. त्या ताणाखालील जागेस विद्युत्क्षेत्र म्हणतात. त्या जागेत दुसरा भार आला की त्यावर बल लागते. भारित कंगवा हाताच्या लवेजवळून फिरवावा, म्हणजे कातडीला न शिवता लव उभी राहते. क्षेत्राची जाणीव करून देण्यास याहून स्वस्त साधन नाही.

क्षेत्र सर्वत्र सारखे नसते. टोकदार व उंच वस्तूंच्या शेंड्याशी ते फार तीव्र होते. हवा ही एरवी विजेची दुर्वाहक. परंतु क्षेत्र एका सेंटिमीटरला सुमारे 30,000 व्होल्टपर्यंत वाढले की तिची रोधशक्ती संपते व ठिणगी उडते. थंडीत रात्री लोकरीचा सदरा काढताना चटचट आवाज येतो तो याच ठिणग्यांचा. एवढे व्होल्ट असूनही अंगाला इजा होत नाही, कारण वाहून जाणारा भार अत्यल्प असतो.

ढगात हेच मोठ्या प्रमाणावर घडते. वळवाच्या ढगात बर्फाचे हलके स्फटिक आणि मऊ गारांसारखे जड कण एकमेकांवर आदळतात. हलके स्फटिक बहुधा धनभार घेऊन वर जातात, जड कण ऋणभार घेऊन खालच्या भागात राहतात. ढगाच्या तळाशी ऋणभार साचला की प्रवर्तनाने खालची जमीन धनभारित होते; भेंडाच्या गोळीची जी अवस्था झाली तीच येथे जमिनीची. ढगातून विजेची वाट टप्प्याटप्प्याने खाली उतरू लागते. ती जवळ येताच उंच वस्तूंच्या शेंड्यांवरून तिला भेटण्यास ठिणग्या वर निघतात, आणि ज्या शेंड्याची ठिणगी आधी भेटते तेथे वीज पडते. माणूस डोक्याकडून जन्मला की पायांकडून, याचा या व्यवहाराशी काडीमात्र संबंध नाही. वीज उंची पाहते, जन्म पाहत नाही. ही गोष्ट त्या मुलाच्या देखत, सर्व वर्गासमोर व ठामपणे सांगितली जावी.

फ्रँक्लिन यांच्या 1752 सालच्या पतंगाची कथा पाठ्यपुस्तकांतून आवडीने सांगतात. तिच्याबरोबर सेंट पीटर्झबर्ग येथील रिखमान यांचीही हकीकत सांगितली पाहिजे. वादळात लोखंडी दांड्याद्वारे विजेचा अभ्यास करीत असता 1753 साली ते वीज बसून मरण पावले. ती ऐकल्यावर कोणी मूल पावसात पतंग घेऊन जाणार नाही.

भारतात वीज पडून दरवर्षी 2,000 हून अधिक माणसे दगावतात, व त्यांत शेतात काम करणारी पुष्कळ असतात. पाऊस आला की बांधावरच्या झाडाखाली धावावे, ही आपली जुनी सवय. पण झाड हाच तेथील सर्वांत उंच शेंडा असतो. झाडावर पडलेली वीज बाजूच्या माणसाकडे उडी घेते, व मुळांवाटे जमिनीत पसरते. जमिनीतून पसरताना जवळच्या दोन ठिकाणी व्होल्टचा मोठा फरक पडतो. गुराचे पुढचे व मागचे पाय लांब अंतरावर असल्याने तो फरक त्याच्या शरीरातून वाहतो, म्हणून एका झाडाखाली बांधलेली जनावरे एकदम दगावलेली आढळतात. पक्के घर किंवा काचा लावून घेतलेली एस. टी. गाडी हा खरा आसरा. गाडीत रक्षण होते ते रबरी चाकांमुळे नव्हे, तर पत्र्याच्या बंद सांगाड्यामुळे; वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते. चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड मात्र असे रक्षण करीत नाही. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ढग सुमारे 10 किलोमीटरच्या आत आहे असे समजून मुलांस मैदानातून आत घ्यावे, व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर सोडू नये. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेल्या ‘दामिनी’ या मोबाइल ॲपवरही जवळपासच्या विजेची सूचना मिळते.

वीज बसलेल्या माणसाला शिवू नये, त्याच्या अंगात वीज शिल्लक असते, असे अजून काही ठिकाणी मानतात. कोठे त्याला शेणात पुरतात. ज्याने पाठ समजून घेतला आहे त्याला याचे उत्तर स्वतःच देता येईल. ठिणगी उडाली की भार जमिनीत गेला; शरीरात तो उरत नाही. अशा माणसाला हात लावण्यात काहीही धोका नसतो. श्वास बंद पडलेला असेल तर छातीच्या मध्यभागी तळहात एकावर एक ठेवून मिनिटास 100 ते 120 वेळा जोराने दाबत राहावे, आणि दुसऱ्या कोणाकडून 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वादळ डोक्यावर असेल तर त्याला आधी आसऱ्यास हलवावे.